पाच आणि थोडं वर

मांजरसुंब्याच्या फाट्यावर माझं गॅरेज आहे. ट्रकवाले समोरच्या ढाब्यावर जेवायला थांबतात आणि त्यांचं जेवण होईपर्यंत मी त्यांच्या गाडीची कुरकुर बंद करून देतो. तीसेक वर्षं हेच चाललंय. माझा हात चांगला आहे, असं सगळे माझ्या तोंडावर सांगतात. माझी जीभ वाईट आहे, हेही सगळे सांगतात, पण मी नसताना. माझ्या कामावर कुणी बोट ठेवलं की मला खपत नाही. गिऱ्हाइकानं ठेवलेलं खपत नाही आणि घरच्या माणसानं ठेवलेलं तर त्याहून नाही. या एका खोडीपायी मी जे केलं ते लिहून ठेवतोय. वाचून कुणाला माझी दया येणार असेल तर त्यानं इथंच थांबावं.

माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा, म्हणजे आमचे दाजी, पूर्वी ऊसतोडीला जायचे. तोडणीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. दिवाळी झाली की दोघं टोळीच्या ट्रकवर चढायचे आणि उन्हाळा लागला की काळे पडून परत यायचे. लग्नानंतरचे सात हंगाम असेच गेले. मग मीच दाजींना गाडी शिकवली. शिव्या देऊन शिकवली. जावयाला शिव्या द्यायच्या नसतात, पण स्टेअरिंगवर बसला की जावई कसला, असं माझं मत होतं. दाजी निमूट ऐकून घ्यायचे. त्यांना एकच पाहिजे होतं, पुन्हा कोयता हातात धरायला लागू नये. लायसन निघाल्यावर मी त्यांना मालकांच्या जीपवर लावलं.

मालक म्हणजे आमच्या भागातले मोठे जमीनदार. राजकारणात वजन असलेला माणूस. दारात नव्या गाड्या उभ्या होत्या, तरी ती जुनी जीप त्यांनी विकली नव्हती. पहिली निवडणूक तिच्यात बसून जिंकली म्हणून ती पायगुणाची. माजलगावला धरणाखाली त्यांचा उसाचा मळा होता. तिथं माणसं, खत, मोटारीचं सामान न्यायचं काम त्या जीपला होतं. मालकांची एक सवय होती. गाडी निघताना आणि परत आल्यावर ते स्वतः आत वाकून मीटरचा आकडा वाचायचे. आधीचा एक ड्रायव्हर वाटेत पैसे घेऊन शीटं भरायचा, तेव्हापासून लागलेली सवय. मळ्यावर जाऊन आलं की एकशे चाळीस किलोमीटर व्हायचे, आणि हा आकडा त्यांना पाढ्यासारखा पाठ होता.

दाजींना जीपवर लागून वर्ष झालं असेल. उन्हाळ्यात जीपचं डिफरन्शियल गेलं. इंजिनाकडून एक लांब शाफ्ट मागं येतो आणि मागच्या दोन चाकांच्या मधल्या लोखंडी गोळ्यात शिरतो. त्या गोळ्यात एक लहान आणि एक मोठं दातेरी चाक असतं. चाक एकदा फिरायला शाफ्टला किती फेरे घ्यावे लागतात, ते या दातांवर ठरतं. जीपचा आकडा पाचाच्या आसपास असतो, म्हणून आम्ही सगळे त्याला ‘पाचाचा’ म्हणून मोकळे होतो. नवा माल मिळेना, तेव्हा मी बीडच्या भंगार बाजारातून एक गोळा उचलून आणला. आणताना दात मोजायला पाहिजे होते. मी बोल्टची भोकं मोजली. ती जुळली आणि मी तो बसवून टाकला.

मीटरची केबल गिअरबॉक्सच्या मागं, त्या शाफ्टच्याच बरोबरीनं फिरते. शाफ्टचे फेरे वाढले की गाडी तेवढीच जाते, पण मीटर जास्त दाखवतं. हे मला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी मी सांगितलं असतं. फक्त विचारणाऱ्यानं ते माझ्या कामाबद्दल विचारायला नको होतं.

गाडी माझ्याकडून गेली आणि पुढच्या फेरीला मीटरवर एकशे चोपन्न आले. मालकांनी आकडा लक्षात ठेवला. दुसऱ्या फेरीलाही एकशे चोपन्न. तिसऱ्या वेळी त्यांनी दाजींना ओट्यावर बोलावून विचारलं, कुठं गेलतास? दाजी म्हणाले, सरळ गेलो, सरळ आलो. मालकांच्या ओट्यावर नेहमी बसणारा एक गडी होता, पिंक टाकून न्याय देणारा. तो म्हणाला, “चौदा म्हंजी सात जायाचे आन् सात यायाचे. त्या अलीकडच्या फाट्यावरून आत सात किलोमीटरवर कोण राहतंय बरं?”

तिथल्या वस्तीवर एक बाई राहायची. नवऱ्यानं टाकलेली. ती पूर्वी दाजींच्याच टोळीत होती. एकदा हंगामात तिचं पोर तापानं फणफणलं, तेव्हा दाजींनी ते पाठीवर घेऊन दवाखाना गाठला होता. ही गोष्ट मालकांच्या ओट्यावर खुद्द दाजींनीच भोळेपणानं सांगितली होती. आपलं चांगलं काम कुठं सांगू नये ते यासाठी.

दोन दिवसांत सगळ्या फाट्याला ही बातमी झाली. तिसऱ्या दिवशी दुपारी मालक स्वतः जीप घेऊन माझ्या गॅरेजवर आले. मागं ओट्यावरची मंडळी आली. ढाब्यावरून खुर्च्या आल्या. दाजी उभेच होते.

मालक मला म्हणाले, “तू मिस्तरी हायस आन् ह्याचा मेव्हणाबी हायस. मीटर तपास. तुझ्या बहिणीचं कुंकू हाय ते, म्हणून तुझ्या तोंडून ऐकायचंय.”

मी दाजींकडं पाहिलं. ते एवढंच बोलले असते की तपासा, तर कदाचित मी नीट तपासलं असतं. पण ते म्हणाले, “पाव्हणं, गाडी तुमच्याकडून आल्यापास्नंच आसं व्हायलंय.”

खुर्चीवरचं कुणीतरी हसलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ज्याला क्लच कुठला नि ब्रेक कुठला हे मी शिकवलं, तो चार माणसांत माझ्या कामात खोट काढतो! मी म्हणालो, “आसं का? मंग तुमीच मोजा. तुमचाच डोळा, तुमचीच मोजणी. मागून म्हणू नका मेव्हण्यानं फसवलं.”

मी जॅक लावून मागचं एक चाक उचललं. टायरवर एक आणि शाफ्टवर एक, अशा खडूच्या दोन रेघा मारल्या. एकच चाक उचललेलं असलं की ते दोनदा फिरवायचं आणि तेवढ्यात शाफ्टचे किती फेरे होतात ते मोजायचं. दाजींना मी जीपखाली घातलं. पांढरा शर्ट घालून आले होते बिचारे, साक्ष द्यायची म्हणून. तो मातीत आणि ऑइलमध्ये लोळला. मी चाक फिरवायला लागलो आणि ते खालून मोजायला लागले, शाळेतल्या पोरासारखं मोठ्यानं. एक. दोन. तीन. चार. पाच. माझ्या चाकाचा दुसरा फेरा पुरा झाला, तसा मी हात थांबवला.

खालून आवाज आला, “पाच झाले, आन् थोडं वर.”

“थोडं म्हंजी किती?”

“अर्ध्याला जरा कमी.”

“पाचाचा डिफरन्शल हाय, पाच फेरे झाले. आता थोड्यासाठी सोनाराचा काटा आणू का?”

खुर्च्यांवर हशा पिकला. मलाही बरं वाटलं. जुना गोळा पाचाला जरा कमी होता की पाचाच्या जरा वर, हे मला त्या क्षणी आठवलं नाही. खोटं कशाला सांगू? आठवून बघावं असंही वाटलं नाही.

“मंग?” मालक म्हणाले.

“मीटर बरोबर हाय, मालक. मीटरला सोयरं-धायरं नसतंय.”

हे शेवटचं वाक्य मी हशा मिळावा म्हणून बोललो आणि तो मिळाला. दाजी अजून जीपखालीच होते. बाहेर फक्त त्यांचे पाय दिसत होते. ते पाय बराच वेळ हलले नाहीत. मग ते सरपटत बाहेर आले, शर्टाला हात पुसले आणि मालकांना म्हणाले, “आईची आण घेतो.” मालक म्हणाले, “आईला कावून मधी आणतोस बे? सख्खा मेव्हणा सांगतोय.” इथं सगळं संपलं. आमच्याकडं माणूस आपल्या बहिणीच्या नवऱ्याची चूक पदराआड करतो. त्याच्याच तोंडून चूक बाहेर आली म्हणजे ती शंभर टक्के खरी, याबद्दल कुणाला शंका राहत नाही. मी परका मिस्तरी असतो तर दाजी कदाचित वाचले असते.

दिवस मावळायच्या आत बहीण माझ्या घरी आली. रडत नव्हती. उंबऱ्यातच उभी राहून म्हणाली, “दादा, मला खरं सांग. त्यांच्या तोंडून न्हाई, तुझ्या तोंडून ऐकायचंय.” मालकही हेच म्हणाले होते. मी म्हणालो, “चौदा किलोमीटर काय आभाळातून पडत न्हाईत.” ती खाली बसली. त्यानंतर ती त्यांच्या घरी परत गेली नाही.

दिवाळीनंतर टोळ्या निघाल्या. दाजींना दुसरं कुणी गाडीवर ठेवलं नाही. मालकानं काढलेल्या माणसाला या भागात कोण ठेवणार? ते टोळी जमवणाऱ्या मुकादमाकडं गेले. बायको सोबत येणार नाही म्हटल्यावर मुकादमानं त्यांना अर्धा कोयता म्हणून घेतलं. एकट्या गड्याला अर्धा कोयताच म्हणतात. पण मोळ्या बांधायला बाई नाही म्हणजे ऊसही स्वतः तोडायचा, बांधायचाही स्वतः आणि डोक्यावरून ट्रकमध्ये चढवायचाही स्वतः. निघायच्या दिवशी ते गॅरेजवरून गेले. माझ्याकडं बघून त्यांनी मान हलवली, पाहुण्याला हलवतात तशी. मी पान्हा शोधत असल्यासारखं केलं.

दाजींना काढल्यापासून जीप मालकांच्या वाड्यामागं नुसती उभी होती. संक्रांतीच्या सुमाराला त्यांना नवा ड्रायव्हर मिळाला, तेव्हा त्यांनी ती माझ्याकडं सर्व्हिसिंगला पाठवली. उभ्या उभ्या मागच्या गोळ्यातून तेल गळलं होतं. सील बदलायला मी तो उघडला. आत फडकं फिरवलं, दात लखलखीत झाले आणि मला ते मोजावेसे वाटले. का वाटले ते सांगता येत नाही. लहान चाकाला आठ. मोठ्या चाकाला त्रेचाळीस. मी एका दातावर खूण केली आणि पुन्हा मोजले. त्रेचाळीसच. जुना फुटलेला गोळा गॅरेजमागं पडला होता. तो जाऊन बघितला. आठ आणि एकोणचाळीस.

पाचाला जरा कमी, आणि पाच आणि थोडं वर. दोघांनाही आम्ही पाचाचाच म्हणतो. मी भिंतीवर पेन्सिलनं गणित केलं. एकशे चाळीस किलोमीटर जाणारी गाडी या गोळ्यावर किती दाखवेल? एकशे चोपन्न. वर-खाली काही नाही. त्या वस्तीकडं जाणारे सात किलोमीटर आणि तिथून परत येणारे सात किलोमीटर मी माझ्या हातानं बोल्ट आवळून जीपमध्ये बसवले होते.

दुसऱ्या दिवशी नवा ड्रायव्हर गाडी न्यायला येणार होता. तो मळ्यावर जाऊन आला असता आणि त्याच्याही मीटरवर एकशे चोपन्नच आले असते. मालकांनी वाकून वाचले असते. त्या माणसाचा त्या बाईशी काही संबंध नाही, तिचं नावही त्याला ठाऊक नाही. म्हणजे दाजी आपोआप सुटले असते. हे नीट समजून घ्या. मला कबुली द्यायची गरज नव्हती, कुणाचे पाय धरायची गरज नव्हती. मी नुसता गप्प बसलो असतो तरी पुरत होतं.

मी गप्प बसलो नाही. दुपारच्या गाडीनं बीडला गेलो. मीटरच्या केबलच्या टोकाला एक प्लास्टिकचं दातेरी चाक असतं, बोटाच्या पेराएवढं. जीपमध्ये अठरा दातांचं होतं, मी वीस दातांचं आणलं. दात वाढले की केबल सावकाश फिरते आणि मीटर कमी धावतं. ते बसवलं आणि जीप चौसाळ्याच्या रस्त्याला काढली. किलोमीटरच्या दगडाशी थांबायचो, आकडा वाचायचो, पुढच्या दगडाला पुन्हा वाचायचो. टायरमधली हवा मोजून घेतली होती. दहा दगडांत केसाएवढा फरक राहिला. इतकं काळजीपूर्वक काम मी आयुष्यात फार कमी वेळा केलंय.

कामं हातची जातील म्हणून मी हे केलं, असं मी बरेच दिवस मनाला सांगत होतो. ते खरं नाही. मालकांनी दोन शिव्या दिल्या असत्या आणि गाड्या माझ्याकडंच पाठवल्या असत्या, कारण इथं दुसरा मिस्तरी कोण आहे? मला त्या खुर्च्या नको होत्या. माझ्या सोनाराच्या काट्यावर हसलेली ती माणसं उद्या माझ्यावर हसली असती. तेवढ्यासाठी मी हे केलं.

चार दिवसांनी मालकांची गाडी ढाब्यावर थांबली. काच खाली करून ते म्हणाले, “एकशे एकोणचाळीस, बघ बे! नव्या गड्यानं एक कमीच लावला. तुझा दाजी लई पोचलेला निघाला.” मी हसलो.

पाडवा झाला आणि टोळ्या परतल्या. दाजी सकाळीच गॅरेजवर आले. मी आधी ओळखलंच नाही. एक खांदा खाली आला होता, हाताला चिंध्या गुंडाळलेल्या होत्या. जीप त्या दिवशी ब्रेकच्या कामाला आली होती आणि त्यांचं लक्ष तिच्यावरच होतं. ते म्हणाले, “पाव्हणं, एक डाव गाडी दगडावर चालवून बघू. तिलाबी संगं बसू द्या. तिच्या डोळ्यादेखत व्हऊ द्या. आख्खा हंगाम मला ह्येच एक येड लागलंय.”

“आन् मीटर बरोबर निघालं तर?”

“तर मंग म्या काय बोलणार?” ते जीपकडं वळले. “मधी मीटरात काय बदललं न्हाई ना?”

“सील बदललं. तेल गळत व्हतं.”

त्यांनी मान डोलावली. सील म्हणजे काय ते मी त्यांना शिकवलं होतं. केबलच्या टोकाचं चाक कधी दाखवलं नव्हतं. हे बोलताना माझा आवाज जरासुद्धा हलला नाही, याचं मला आजही नवल वाटतं.

बहिणीला बोलावून घेतलं. ती मागं बसली. स्टेअरिंगवर मी दाजींनाच बसवलं. चौसाळ्याच्या रस्त्याला गाडी लागली. चिंध्या बांधलेल्या हातांनी ते इतकी सुरेख गाडी चालवत होते, की खड्डासुद्धा कळत नव्हता. पहिल्या दगडाशी त्यांनी आकडा मोठ्यानं वाचला. दुसऱ्या दगडाला वाचला, एक किलोमीटर. तिसऱ्याला वाचला. चार दगडांनंतर त्यांचा आवाज बारीक झाला. सातव्यानंतर ते नुसते ओठ हलवत होते. अकरावा दगड आला तेव्हा मीटरवर दहा किलोमीटरच झाले होते. त्यांनी गाडी लिंबाखाली घेतली आणि इंजिन चालूच ठेवून बसून राहिले.

या वेळी मी बोलू शकलो असतो. बाहेर चिटपाखरू नव्हतं, खुर्च्या नव्हत्या, हसणारं कुणी नव्हतं. नात्यातली तीनच माणसं होती. मी बाहेरच्या रानाकडं बघत बसलो.

दाजी मागं वळले आणि बायकोला म्हणाले, “म्या गेलो आसंल.”

ती म्हणाली, “कुठं?”

“त्या वस्तीवर. ध्यानात न्हाई, पर गेलो आसंल. त्या पोराची ख्याली-खुशाली इचारायला गेलो आसंल. न्हाईतर मीटर कावून खोटं बोलंल? तुझा भाऊ कावून खोटं बोलंल? मलाच कायतरी झालं आसंल. माफ कर मला.”

इतके महिने माझ्या घरात न रडलेली माझी बहीण तेव्हा ओक्साबोक्शी रडली. तिनं मागून हात पुढं करून त्यांच्या वाकड्या खांद्यावर ठेवला. “येवढंच ऐकायचं व्हतं,” ती म्हणाली. “तवाच म्हणाला आसता, तर एकल्याला कोयता धरू दिला नसता म्या.” दाजी मान हलवत राहिले. न केलेल्या गुन्ह्याची माफी त्यांना मिळाली होती आणि त्यांचा चेहरा खरोखर हलका झाला होता.

त्याच दुपारी ती त्यांच्यासोबत निघाली. पुढच्या हंगामाला दोघं मिळून जायचं ठरलं, पुरा कोयता. पिशवी बाहेर ठेवून ती परत आत आली. मी मोरीवर साबण लावून हात धूत होतो. ती म्हणाली, “दादा, तू त्या दिवशी नात्याकडं न बघता खरं बोललास, म्हणून हा माणूस आज कबूल तरी झाला. न्हाईतर माझा संसार मोडलाच व्हता.” आणि ती वाकून माझ्या पाया पडली. मी पाय मागं घेतले नाहीत.